बिऱ्हाडाबरोबर कोणतें मूल?

मुंबई शहरांत १९२१ सालीं जी खानेसुमारी झाली तिच्यांत दर हजार पुरुषांमागें स्त्रियांची संख्या अवघी ५२५ भरली. समुद्रमार्गानें जवळच असलेल्या रत्नागिरी जिल्ह्यांत मात्र पुरुषांहून स्त्रियाच अधिक होत्या. पुढें १९६१ सालीं तर तेथें हजार पुरुषांमागें १,२६४ स्त्रिया इतकें हें प्रमाण चढलेलें दिसतें. या आंकड्यांवरून कोंकणांतील पुरुष चाकरीसाठीं मुंबईस गेले व बायका मागें राहिल्या, एवढा निष्कर्ष सगळेच काढतात. तो चुकीचा नाहीं. परंतु नवरा आणि बायको यांच्याखेरीज घरांत आणखी एक पक्ष असतो. तो म्हणजे मुलें. चाकरमान्याचीं मुलें कोठें वाढलीं, बापाजवळ कीं आजीजवळ? चार भावंडांपैकीं कोणतें आगबोटींत बसलें आणि कोणतें बंदरावर उभें राहिलें? खानेसुमारीच्या तक्त्यांत हीं मुलें मोजलेलीं आहेत, पण तीं तेथें कां आहेत हें सांगण्यासाठीं त्या तक्त्यांत रकाना नाहीं.

असा रकाना असता तर त्यांत “आईबापांची माया” असें एकच उत्तर भरून भागलें नसतें. माया कोणाची कमी नव्हती. मूल बरोबर न्यावयाचें कीं मागें ठेवावयाचें याचा निर्णय बहुतेक वेळां तीन गोष्टींवर झालेला आढळतो. मजुरी कोणाच्या नांवावर मिळते, घरांत मुलें किती आहेत, आणि तें मूल मुलगा आहे कीं मुलगी. महाराष्ट्रांतील गेल्या दीडशें वर्षांच्या स्थलांतराकडे या दृष्टीनें पाहिलें म्हणजे मुंबईची गिरणी, सोलापूरचा हातमाग आणि साखर कारखान्याचा ऊंसफड या तीन ठिकाणीं तीन निराळे हिशेब दिसूं लागतात.

मुंबईंत कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं पहिली कापडगिरणी कंपनी काढली व दोन वर्षांनीं ती गिरणी चालूं झाली. तेव्हांपासून गिरणीचा पगार हा एकट्या माणसाचा पगार राहिला. साच्यावर उभा राहणारा एक, हजेरीपत्रकावर नांव एक, आणि महिनाअखेर हातीं पडणारें वेतनही एकाचेंच. त्या वेतनांत गांवीं मनीऑर्डर करावयाची, वाण्याची उधारी भागवावयाची आणि खोलीचें भाडें द्यावयाचें. खोली तरी केवढी? १९२० नंतर सरकारच्या विकास खात्यानें वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें ज्या २०७ चाळी उभारल्या, त्यांतील एकेक खोली सुमारें १६० चौरस फुटांची होती. आणि खाजगी मालकांच्या जुन्या चाळींच्या मानानें ही खोली बरीच म्हणावयाची! अशा एका खोलींत एकाच गांवचे दहा-बारा गडी पाळीपाळीनें निजत. एक पाळी कामावर गेली कीं दुसरीनें तीच जागा झाडून वळकटी पसरावयाची. जेवण खानावळींत. या व्यवस्थेंत मुलाला बसावयास जागा नव्हती, मग निजावयास कोठून असणार?

मागें राहण्याचें दुसरें कारण जमिनींत होतें. खोती गांवांतील कुळाची लहानशी भातजमीन घरांत कोणी कसणारें असे तोंवर टिके. चूल विझली आणि दाराला कुलूप लागलें तर ती दुसऱ्याच्या वहिवाटीस जाण्याचें भय असे. म्हणून घर उघडें ठेवणें हेंच एक काम होऊन बसलें, व तें काम सासू, सून आणि मुलें यांच्या वांट्यास आलें. मुंबईचा पगार घर चालवी आणि कोंकणांतील घर मुंबईचा माणूस चालवी. आजारपणांत, संपांत, म्हातारपणीं परत येण्यास जागा तीच. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला तेव्हां लक्षावधि लोक शहर सोडून पळाले. ज्यांचें घर गांवीं उघडें होतें त्यांस पळण्यास ठिकाण होतें, एवढें या व्यवस्थेच्या बाजूनें म्हटलेंच पाहिजे.

आतां मुलांच्या संख्येची गोष्ट. एखाद्या चाकरमान्याला लग्नानंतर एकच तान्हें मूल असेल, तर त्याची बायको त्या मुलाला घेऊन कधीं कधीं मुंबईस येई, गांवच्या चार-सहा गड्यांस जेवूं घाली व त्यावर घरभाड्याचा भार हलका करी. अशी बाई नुसती गृहिणी नव्हती; ती त्या खोलीची खानावळवाली होती. पण दुसरें, तिसरें मूल झालें कीं हिशेब फिरे. मुलें वाढलीं म्हणजे जेवणारे गडी कमी करावे लागत, आणि गडी कमी झाले म्हणजे भाडें अंगावर येई. मग बायको मुलांसह गांवीं परत जाई, किंवा थोरलीं दोन आजीजवळ ठेवून धाकटें तेवढें बरोबर ठेवी. कुटुंब मोठें झालें कीं तें एकत्र राहण्याची शक्यता कमी होई, असा हा उलटा न्याय होता. एकुलत्या मुलाला बाप डोळ्यांसमोर दिसे. पांच भावंडांतील चौथ्याला तो शिमग्याला आणि गणपतींत दिसे.

बाळंतपणासाठीं बायका गांवीं जात हें तर सर्वांच्या परिचयाचें आहे. याचा एक विलक्षण परिणाम मुंबईच्या मृत्युनोंदींत उमटला. १९२१ सालीं शहरांत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागें एक वर्षाच्या आंतील बालकांचे मृत्यु साडेसहाशेंहून अधिक दाखविले गेले. हा आंकडा भयानक आहे, परंतु तो वाचतांना सावधगिरी हवी. कारण पुष्कळ मुलांचा जन्म गांवीं नोंदला जाई व आईबरोबर मुंबईस आल्यावर मृत्यु तेवढा शहराच्या हिशेबीं पडे. ही सूट देऊनही जें उरतें तें कमी नाहीं. तान्हें मूल शहरांत आणणें म्हणजे एका कोंदट खोलींत, चुलीच्या धुरांत त्याच्या जिवाचा डाव मांडणें होतें. जी आई स्वतः गिरणींत कामास जाई ती मूल रडूं नये म्हणून त्याला अफूची बाळगोळी देई. १९२२ च्या सुमारास मुंबई सरकारच्या कामगार खात्यानें एका डॉक्टरीणबाईंकडून गिरणीवाल्या बायकांची पाहणी करविली, तेव्हां ही चाल जवळजवळ सार्वत्रिक आढळली. त्या आयांस निर्दय म्हणणें सोपें आहे. दहा तासांच्या पाळींत मुलाला पाहणार कोण, या प्रश्नाला त्या काळच्या बहुसंख्य गिरण्यांपाशीं उत्तर नव्हतें. मुंबई इलाख्यांत बाळंतपणाच्या रजेचा व भत्त्याचा कायदा झाला तो १९२९ सालीं. गिरणींतील या बायकांपैकीं पुष्कळशा विधवा किंवा टाकलेल्या होत्या. त्यांच्यामागें गांवीं उघडें घर नव्हतें, म्हणूनच त्यांचीं मुलें त्यांच्याबरोबर होतीं. बाप जवळ नसलेलें मूल शहरांत आणि बाप कमावता असलेलें मूल गांवीं, असा हा विचित्र प्रकार होता.

मुलगा वाढूं लागला कीं चित्र बदले. येथें कायद्याचा हात दिसतो. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्यानें सात वर्षांखालील मुलास कामावर घेण्याची बंदी केली. याचा अर्थ असा कीं सात वर्षें पुरीं झालेलें मूल रोज नऊ तास कामास लावण्यास कायद्याची हरकत नव्हती. भरलेल्या बॉबिनी काढून रिकाम्या लावण्यास लहान हात बरे पडत. १८९१ च्या कायद्यानें ही वयोमर्यादा नऊ वर्षांवर नेली व चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचें काम सात तासांवर आणलें. १९२२ सालीं ती बारा वर्षांवर गेली. जन्मतारखेचा कागद कोणाजवळ नसे. डॉक्टर अंगलट पाहून अदमासानें वय ठरवी. या कायद्यांचा हेतु मुलांस श्रमांतून सोडविण्याचा होता व तो चांगलाच होता. परंतु त्यांचा एक परिणाम असा झाला कीं मुलगा ज्या वयांत मुंबईस आणणें परवडे तें वय पुढें पुढें सरकत गेलें. मुंबईच्या गिरण्यांत मुलांची संख्या मुळांतही फार मोठी नव्हती, आणि १९२२ नंतर ती नांवापुरती राहिली. मग कोंकणांतील मुलगा मिसरूड फुटेपर्यंत गांवीं राही; नंतर एखाद्या शिमग्याला बाप परत निघाला कीं त्याच्याबरोबर आगबोटींत बसे, जॉबरच्या पायांवर घातला जाई व बदली कामगार म्हणून दरवाजाशीं उभा राही. बाप-लेकांचा सहवास असा बहुधा दोन कामगारांचा सहवास म्हणूनच सुरू होई.

मुलीच्या बाबतींत हें वय कधींच येत नसे. भातलावणी, बेणणी, गुरें, पाणी आणि धाकटीं भावंडें या सर्वांसाठीं मुलगी गांवीं हवी होती. घरांत मुलें जितकीं अधिक, तितकी थोरल्या मुलीची जरुरी अधिक; आणि जितकी जरुरी अधिक, तितकी ती मुंबईपासून दूर. गिरणींत बायका होत्या, वाइंडिंग आणि रिळिंग खात्यांत त्यांच्यावर नायकीण देखरेख करी, हें खरें. पण कुमारिकेला तेथें पाठविणें शिष्टसंमत नव्हतें. म्हणून मुलीचा पहिला प्रवास बापाबरोबर न होतां नवऱ्याच्या घरीं होई, आणि नवरा चाकरमानी असेल तर तोही मुंबईस न होतां शेजारच्याच गांवांत संपे. एका सासरीं उघडें ठेवावयाचें घर तिची वाट पाहातच असे.

पुढें एक नवें आकर्षण निर्माण झालें तें शाळेचें. मुंबई म्युनिसिपालिटीनें १९२५ सालीं एफ व जी या वॉर्डांत, म्हणजे मुख्यतः गिरणगांवांत, सक्तीचें व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलें. ज्याला लिहितां-वाचतां येतें तो मुलगा साच्याऐवजीं कचेरींत किंवा रेल्वेंत चिकटेल, ही आशा आतां पगाराच्या आशेहून मोठी होऊं लागली. खोलीवर जागा एकाचीच असेल तर शिकावयास आणावयाचा तो मुलगाच, याबद्दल वाद झाल्याचें क्वचितच ऐकूं येतें. मुलगी मुंबईंत वाढली, तीही शाळेंत गेली. पण ती बहुधा तेथेंच जन्मलेली असे. मुद्दाम शिकण्यासाठीं गांवाहून आणलेली मुलगी ही फार पुढच्या काळांतील गोष्ट आहे.

शिकण्यासाठीं एका मुलाला जागा करून देणें म्हणजे काय, याचें सर्वांत ठळक उदाहरण डॉ. आंबेडकरांच्या बालपणांत सांपडतें. रामजी सकपाळांचें हें चौदावें अपत्य. त्या चौदांपैकीं बहुतेक अल्पवयांतच गेलीं. १९०१ सालीं रामजी हे साताऱ्यापासून दूर, खटाव तालुक्यांतील गोरेगांव येथें खजिन्यावर नोकरीस होते. पत्नी वारलेली. नोकरीच्या गांवीं मुलांस नेणें शक्य नव्हतें; म्हणून भीमराव, त्यांचे थोरले बंधु व दिवंगत बहिणीचीं मुलें हीं सर्व साताऱ्यास आत्याच्या हवालीं होतीं. उन्हाळ्याच्या सुट्टींत वडिलांकडे निघालेलीं हीं मुलें मसूर स्टेशनावर उतरलीं तों न्यावयास कोणीच आलें नव्हतें. वडिलांस पत्र मिळालें नव्हतें. मुलें महारांचीं आहेत असें कळतांच गाडीवान मिळेनासा झाला, आणि रात्रीच्या वाटेवर त्यांस पिण्यास पाणीही मिळालें नाहीं. हा प्रसंग आंबेडकरांनीं स्वतःच लिहून ठेवला आहे. अस्पृश्यतेचा पुरावा म्हणून तो नेहमीं सांगितला जातो व तसा तो आहेच. परंतु त्यांत आणखीही एक गोष्ट आहे. बाप एका गांवीं व मुलें दुसऱ्या गांवीं असलीं म्हणजे त्यांस जोडणारा धागा एका पत्राएवढा बारीक असतो.

याच मुलानें पुढें आत्याची पिशवी पळवून मुंबईस जाण्याचा बेत केला होता. साताऱ्याचीं पोरें मुंबईच्या गिरणींत कामास लागतात असें त्यानें ऐकलें होतें. पिशवी हातीं लागली तेव्हां तींत अर्धा आणा निघाला, आणि बेत राहिला! गिरणीच्या हिशेबानें तो मुलगा मुंबईस जाण्याच्या वयाचा झालेला होता. शाळेच्या हिशेबानें तो तेथें गेला तो १९०४ च्या सुमारास, वडिलांबरोबर. परळच्या चाळींत बिऱ्हाड एका खोलीचें. बहिणी लग्न होऊन आपापल्या घरीं गेलेल्या. थोरले बंधु आनंदराव शिक्षण सोडून नोकरीस लागले, आणि एल्फिन्स्टन हायस्कुलांत गेले ते एकटे भीमराव. त्या खोलींत दोघांस एकाच वेळीं नीट निजतां येत नसे, म्हणून मुलगा लवकर निजे, वडील जागत, आणि पहाटे दोन वाजतां त्याला अभ्यासास उठवून मग स्वतः आडवे होत. चौदांपैकीं जगलेल्यांत धाकटा, मुलगा म्हणून जन्मलेला, आणि मागचा भाऊ कमावता झालेला. या तिन्ही गोष्टी जुळल्या तेव्हां एका खोलींत एका दिव्याची सोय झाली. त्यांच्या बुद्धीला यांतील कशाचेंही श्रेय देतां येणार नाहीं. पण त्या बुद्धीला टेबलाची जागा कशी मिळाली, तें यावरून कळतें.

ज्यांच्याजवळ उघडें ठेवण्याजोगें घर किंवा राखण्याजोगी जमीनच नव्हती, त्यांस मुलें मागें ठेवण्याची चैन परवडत नसे. १९३१-३२ च्या सुमारास अण्णाभाऊ साठे यांचें कुटुंब सांगलीकडील वाटेगांवाहून मुंबईस आलें तें पायीं. वाटेंत मिळेल तेथें मजुरी करीत, महिनोन् महिने चालत, लहानथोर सगळीं मिळून. भूमिहीनांचें स्थलांतर हें असें सबंध घराचें असतें; त्यांत निवड नसते, कारण मागें कोणाच्या हातीं सोंपवावें असें कांहींच उरलेलें नसतें. याच्या अगदीं उलट गोष्ट नारायण सुर्वे यांची. गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनीं रस्त्यावर सांपडलेलें हें मूल वाढविलें, शाळेंत घातलें. नारायण बारा वर्षांचा असतांना गंगाराम नोकरींतून निवृत्त झाले व कोंकणांत परतले. जातांना मुलाच्या हातावर दहा रुपये ठेवले. मुलगा मुंबईंतच राहिला. आईबाप गांवीं आणि मूल शहरांत, असें हें मागें राहणें. ज्या वयांत मुलगी आजीच्या ताब्यांत असावयाची, त्या वयांत मुलगा स्वतःचें पोट भरील असें धरून चालत. गंगारामांच्या जवळ दुसरें कांहीं देण्यासारखें नव्हतें हेंही तितकेंच खरें.

मुंबईचा हा प्रकार सर्वत्र होता असें मात्र समजूं नये. सोलापुरांत पहिली कापडगिरणी १८७७ सालीं निघाली. पण त्या गांवाचें वैशिष्ट्य गिरणीपेक्षां हातमागांत आहे. तेलंगणांतून आलेले पद्मशाली विणकर तेथें आले ते बायकामुलांसह. कारण उघड आहे. हातमागावर विणणारा एक असला तरी त्याच्यामागें सूत उकलणारी, रहाटावर कांड्या भरणारी माणसें लागतात, आणि तीं घरांतलींच असावीं लागतात. बाहेरचा मजूर ठेवला तर साड्यांत कांहीं उरत नाहीं. एकटा विणकर म्हणजे अर्धा माग. म्हणून येथें मुलें भार नव्हतीं, मुलें हत्यार होतीं. कुटुंब मोठें असेल तर तें अधिक खात्रीनें एकत्र हाले. मुलगी येथें मागें ठेवण्याचें कारणच नव्हतें. सहा-सात वर्षांची पोर कांड्या भरूं लागे, आणि लग्न होईपर्यंत ती आईच्या शेजारीं रहाटावर बसे. परळच्या चाळींत मुलगी दिसत नव्हती आणि सोलापुरच्या पूर्व भागांतील माडींत ती दिसत होती, याचा अर्थ तेलुगू बापाचें मुलीवर प्रेम अधिक होतें असा नव्हे. रहाट तिच्याजवळ होता, एवढाच त्याचा अर्थ. आईबापांजवळ राहणें हें सुख खरें. पण त्या सुखाची किंमत ती रोज मोजीत होती, आणि तिचा भाऊ मागावर बसण्याच्या तयारीनें धोटा शिकत असतां तिच्या वांट्याला कांड्याच येत राहिल्या.

स्वातंत्र्यानंतर या दोन्ही पद्धतींच्या मधली एक तिसरीच पद्धत महाराष्ट्रांत उभी राहिली. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास चालूं झाला, आणि त्याच्या पाठोपाठ पश्चिम महाराष्ट्रांत कारखान्यांची रांग लागली. ऊंस तोडण्यासाठीं माणसें येऊं लागलीं तीं बीड, पाथर्डी, आष्टी, पाटोदा या कोरडवाहू मुलुखांतून. १९७२ च्या दुष्काळानंतर हा ओघ फारच वाढला. दसरा-दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या आणि ट्रक निघतात व चैत्र-वैशाखांत परततात. या व्यवहारांत मजुरी ना एकट्या पुरुषाची, ना सगळ्या घराची, ती जोडप्याची. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. एकटा आला तर तो ‘अर्धा कोयता’. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते व डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. मनुष्यांची संख्या हत्यारांत मोजण्याची ही भाषा कोणी बुद्ध्या योजलेली नसेल; पण गिरणीच्या हजेरीपत्रकानें जें केलें तेंच या शब्दानें दुसऱ्या रीतीनें केलें. गिरणीनें आईला घरीं ठेवलें व तिच्याबरोबर मुलांनाही; कोयत्यानें आईला बाहेर काढलें, आणि मुलांचा प्रश्न उघड्यावर आला.

पाचटाच्या कोपींत कोण येतें हें पाहिलें म्हणजे भावंडांच्या क्रमाचें महत्त्व चटकन् लक्षांत येतें. अंगावर पिणारें मूल यावेंच लागतें. आई फडांत असतां त्याला सांभाळावयास कोणी हवें, म्हणून आठ-दहा वर्षांची थोरली बहीण येते. मधला भाऊ, गांवीं आजी-आजोबा धड असतील तर, शाळेसाठीं मागें राहतो. आजीला एक नातू संभाळतां येईल, चार येणार नाहींत; तेव्हां मुलें जितकीं अधिक तितकीं कोपींत जाणारीं अधिक. रत्नागिरीच्या घरांत मोठ्या कुटुंबांतील थोरली मुलगी याच कारणासाठीं गांवीं राहात होती. येथें तीच मुलगी, त्याच धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन, सहा महिने परगांवीं जाते. तिची जागा बदलली, काम बदललें नाहीं. ती कोपीजवळ भाकरी थापते, पाणी भरते, जनावरांसाठीं वाढें गोळा करते. बारा-तेरा वर्षांची झाली कीं उघड्यावर तिला ठेवणें आईबापांस धोक्याचें वाटूं लागतें आणि गांवींही एकटी ठेवणें धोक्याचें वाटतें. या दोन भीतींच्या मधोमध अनेकींचें लग्न लवकर ठरतें. लग्न झालें कीं ती स्वतःच एका कोयत्याचा अर्धा भाग होते. नवीन जोडप्याला नवी उचल मिळते, हेंही मुकादमाच्या वहींत असतेंच.

या मुलांसाठीं कांहींच झालें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. कारखान्यांच्या आवारांत साखरशाळा निघाल्या. २००९ सालीं शिक्षणहक्काचा कायदा झाला व १ एप्रिल २०१० पासून तो अंमलांत आला. मुलांनीं गांवींच राहावें म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आली. या दोन उपायांमागें दोन विचार दिसतात. साखरशाळा म्हणते, मूल आईबापांबरोबर आलें आहे, शाळा त्याच्याकडे जाईल. वसतिगृह म्हणतें, मुलानें येऊंच नये. पहिल्यांत मूल आईजवळ राहतें, पण मागचें वर्ष पुढच्या वर्षाला जुळत नाहीं. फड हालला कीं शाळा मागें पडते. दुसऱ्यांत अभ्यास जुळतो, पण आई सहा महिने दिसत नाहीं. मुंबईच्या चाकरमान्याच्या मुलाची जी स्थिति बापाविषयीं होती, ती या मुलाची दोघांविषयीं होते. तरीही या दोहोंत वसतिगृहाचा मार्ग अधिक भरवंशाचा वाटतो. कारण शिकलेल्या मुलाच्या पुढच्या पिढीस तरी हा प्रश्न निराळ्या रीतीनें सोडवितां येण्याचा संभव आहे.

२०२१ सालीं महाराष्ट्र सरकारनें ऊंसतोड कामगारांच्या मुलांसाठीं संत भगवानबाबा यांच्या नांवानें वसतिगृहांची योजना मंजूर केली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहें, प्रत्येक ठिकाणीं एक मुलांचें आणि एक मुलींचें. जागांची वांटणी अशी समसमान करणें ही या दीडशें वर्षांच्या हिशेबांत नवीच गोष्ट होय. परंतु वसतिगृहांत प्रवेश मिळतो तो शाळेच्या वयाच्या मुलांस. अंगावरचें मूल तेथें ठेवतां येत नाहीं. तें आईबरोबर फडावर जातें, आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यांत गाड्या भरूं लागल्या म्हणजे त्याला दिवसभर कोणीं घ्यावयाचें हा प्रश्न घरांत पुन्हां निघतो.